पहिला तांब्या

शिवकन्या : थांब, आता येतीस तू. ही पांढऱ्या साडीतली बाई ताट ठेवून बाजूला झाली की तू. आलीस. आत्या, मोबाइलकडं बघ की, कॅन काय पळून चाललेत का?

आत्या : बघितलं. मीच हाय ती. मला मी काय नवी हाय का?

शिवकन्या : नवीच आहेस. वीस वर्षांची, दोन वेण्या, डोळ्यांवर काळी पट्टी आणि हनुवटी अशी वर, जशी काही आख्खी मुंबई तुझ्या बापाची.

आत्या : माज्या अंगावरली साडी हेडबाईंची व्हती. डाग पडंल म्हनून सबंध प्रवासात चहा पेले न्हाई मी.

शिवकन्या : हे तू कधी सांगितलंच नाहीस. आत्या, विचार कर, पस्तीस वर्षांनी कुणाच्या तरी माळ्यावर कॅसेट सापडते, तो ती यूट्यूबवर टाकतो, आणि नऊ भागांच्या कार्यक्रमातला जो एकच भाग जगात उरलाय त्यात माझी आत्या. 'डोळे मिटून सांगा', भाग सातवा, चार मिनिटं बारा सेकंद. खाली एका माणसानं लिहिलंय, लहानपणी गुरुवारची वाट बघायचो, असा कार्यक्रम पुन्हा झाला नाही. त्याच्या खाली मी लिहिलं, ह्या कुमारी मुक्ता माझ्या सख्ख्या आत्या आहेत आणि आमच्या दूध संस्थेत आजही प्रत्येक कॅन हुंगून घेतात. एकशे बारा लोकांना आवडलं.

आत्या : ते पुसून टाक.

शिवकन्या : का?

आत्या : मला न इचारता कावून लिव्हलंस? पूस म्हनले ना.

शिवकन्या : चिडतीस कशाला? बरं, पुसते नंतर. आधी मला सांग, ती संस्थेची टीव्ही ह्याच खोलीत होती ना?

आत्या : आता फॅटची मशीन हाय ना, तिथंच. लाकडी शटरची. भगवानराव चेअरमन तिची किल्ली करदोड्याला बांधून हिंडायचे. लाइट नसली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आनायचे. आन् लाइट कवा असायची? तवाबी असाच दुष्काळ व्हता. जित्राबं छावनीत आन् मानसं हितं, दूध घालायच्या जागेवर मांडी घालून. दूधच नव्हतं तर काय करतीन?

शिवकन्या : आणि सगळे डोळे मिटून बसायचे?

आत्या : सगळे. त्यो कार्यक्रमवाला म्हनायचा, घरच्या मंडळींनी पण डोळे मिटावेत. आमी मिटायचो. म्हातारे बी मिटायचे. टीव्ही चालू आन् कुनी बघंना. उत्तरेश्वर एकटा डोळे उघडून बघायचा आन् आमाला सांगायचा, गवती चहा हाय, गवती चहा. मार खायचा.

शिवकन्या : म्हणून ते आता चेअरमन झाले. मला कार्यक्रमवाल्याचा आवाज पाठ झालाय, ऐक. "तर कुमारी मुक्ता, घाई नको, घंटेला घाबरू नका. वास घ्या, आणि डोळे मिटून सांगा." आणि तू कसली भारी गं. पहिली वाटी, ओवा. दुसरी, ओली माती. तिसरी, म्हशीचं तूप, आणि वर म्हणतीस, कढवताना जरा करपलंय. त्याचं तोंड बघ. बाकी सगळे कुठं ना कुठं अडकले, "माहीत नाही" म्हणाले. तू एकदाही नाही.

आत्या : माहीत न्हाई म्हनलं की भिंतीवरचं घड्याळ द्यायचे. मला खरं म्हंजी घड्याळच पाहिजे व्हतं. जिंकले तर मिक्सर दिला. गावात लाइट न्हाई आन् मिक्सर.

शिवकन्या : ही ओळ उद्या पाहिजे. अशीच म्हणायची.

आत्या : उद्या काय?

शिवकन्या : आता ओरडू नकोस. उद्या संस्थेची वार्षिक सभा आहे ना, शाळेच्या पटांगणात? सूत्रसंचालन माझं आहे. अहवाल वाचून झाला की दहावा भाग. पस्तीस वर्षं अडकलेला 'डोळे मिटून सांगा'चा दहावा भाग, सगळ्या गावापुढं. तू खुर्चीत, डोळ्यांवर पट्टी, पाच वाट्या. उत्तरेश्वर काकांनी हो म्हटलंय, फलकावर खडूनं लिहून पण झालं. ताट धरायला कडू आजीची नात चिमी घेतली होती, पण ती आज शाळेतच आली नाही. पोट बिघडलंय म्हणे.

आत्या : मी येनार न्हाई.

शिवकन्या : असं कसं?

आत्या : गुडघा दुखतोय.

शिवकन्या : नाक गुडघ्यात आहे का तुझं? आत्या, मी मागच्या महिन्यापर्यंत चार माणसांपुढं नाव सांगायला घाबरायचे. अंबाजोगाईला वक्तृत्वात पहिली आले ती तुझ्यामुळं. माइक समोर आला आणि मला तुझी ती हनुवटी आठवली. तू सांगितलेली, तेव्हा व्हिडिओ कुठं होता. आता तू घाबरणार?

आत्या : बक्षीस घेऊन आलीस तवापासनं तोंड मिटंना तुजं. पान्याचा टँकर यायची येळ झाली. कडूमावशी तांब्या घेऊन येईल. जा तू घरी.

शिवकन्या : पाच मिनिटं. तालीम करू फक्त. हा माझा स्कार्फ, डोळे बांधते. हलू नकोस गं, केस अडकतायत. दिसतंय?

आत्या : न्हाई.

शिवकन्या : "तर श्रीमती मुक्ताबाई, घाई नको, घंटेला घाबरू नका." पहिली वाटी.

आत्या : मेथ्या.

शिवकन्या : आजपण पहिल्या फटक्यात. दुसरी. अशी जवळ घे.

आत्या : उदबत्ती. पेटलेली.

शिवकन्या : आता अवघड. तिसरी. वाटी नाही, नुसती नाकापुढं धरते. घ्या वास.

आत्या : हं.

शिवकन्या : सांगा.

आत्या : घेऊ दी की नीट.

शिवकन्या : घ्या, घ्या. पार नाकाला लावलंय.

आत्या : अत्तर हाय.

शिवकन्या : काय?

आत्या : गुलाबाचं. तुमच्या पोरींचं असतंय तसलं.

शिवकन्या : आत्या, मस्करी करतीस ना?

आत्या : मोगरा, मोगऱ्याचं.

शिवकन्या : ही जनरेटर पुसायची चिंधी आहे. डिझेलनं थबथबलीय. मला इथं उभं राहून मळमळायलंय.

आत्या : सोड ती पट्टी.

शिवकन्या : मेथ्या तू वाटीच्या आवाजावरून ओळखल्यास.

आत्या : सोड म्हनते ना.

शिवकन्या : आणि उदबत्तीची धग लागली तुला. आत्या, खरं सांग.

आत्या : आधी दार लाव.

शिवकन्या : लावलं.

आत्या : कडी घाल.

शिवकन्या : आत्या, मला भीती वाटायलीय. बोल काहीतरी.

आत्या : दुसऱ्या करोनात समद्यांचं गेलं व्हतं. तुज्या बापाचं गेलं, आईचं गेलं, उत्तरेश्वरचं गेलं. समद्यांचं आलं. माजं आलं न्हाई.

शिवकन्या : म्हणजे तेव्हापासून? तीन वर्षं?

आत्या : आज येईल, उद्या येईल. सकाळी उठले की पयल्यांदा मिसरीची डबी हुंगते. भाकर करपली तर तुजी आई वरडल्यावर मला कळतंय.

शिवकन्या : आणि कॅन? रोज एवढे कॅन तू झाकण काढून, वाकून...

आत्या : मी मानसाकडं बघते. ज्याचं दूध बिघडलेलं असतंय त्यो कॅनकडं बघत न्हाई, भिंतीकडं बघतोय. लगेच कळतंय. मग मी जरा जास्त येळ वाकते. त्यो आपसूक म्हनतोय, राहू दी आत्या, आज घरी नेतो.

शिवकन्या : आणि ज्याला स्वतःलाच माहीत नसेल? सध्या जनावरं काय वाटेल ते खातायत. बुरशी लागलेलं उसाचं वाडं, कांद्याची पात.

आत्या : डेअरीतनं दोन कॅन वापस आले मागच्या महिन्यात. उत्तरेश्वर म्हनला, बर्फ कमी पडला. मी बी म्हनले, बर्फ कमी पडला.

शिवकन्या : आत्या.

आत्या : काय?

शिवकन्या : टँकर.

आत्या : हां.

शिवकन्या : तू मान हलवल्याशिवाय काका टँकरचा वॉल उघडू देत नाहीत. आख्खा टँकर विहिरीत पडायच्या आधी पहिला तांब्या तुझ्याकडं येतो. दिवाळीपासून रोज. रोज तू हो म्हणून उभी मान हलवलीस.

आत्या : मला माहीत हाय मी काय हलविलं ते.

शिवकन्या : मग सांगितलं का नाहीस?

आत्या : कुनाला सांगू? तुला ठाऊक न्हाई ही रीत कशी पडली. त्या कार्यक्रमातनं आले आन् पंधरा दिवसांत टँकर आला. भगवानराव गमतीनं म्हनले, आता हिला इचारून पानी घ्या, ही टीव्हीवरली. तांब्या हुंगला आन् मी आडवी मान हलविली. डायवर भांडला, बाया बी भांडल्या, चार दिसांनी पानी आलं व्हतं. पन भगवानरावनं टँकर वापस लावला. त्यो गेला पल्याडच्या वस्तीवर. त्यांनी घेतलं पानी. तीन जन अंबाजोगाईला दवाखान्यात आन् एक बाळंतीन गेली.

शिवकन्या : हे पण कुणी सांगितलं नाही मला.

आत्या : गाव हे बोलत न्हाई, नुसतं करतंय. मी नांदायला गेले, दोन वर्सांत वापस आले. दुसऱ्या कुना बाईला वापस आल्यावर काय काय ऐकावं लागलं असतं. मला भगवानरावनं हे स्टूल दिलं. तुजा बाप म्हनला, राहा. गावात कुनी कवा तोंड वर करून बोललं न्हाई मला, कावून माहिताय? ह्या एवढ्या नाकासाठी. ते गेलं म्हनून सांगू?

शिवकन्या : टँकरवाल्याचं पण तोंड बघतीस का?

आत्या : जुना डायवर, त्यो गहिनीनाथ, त्याचं कळायचं. आठ दिसांपासून नवा आलाय. त्यो खाली उतरत न्हाई. तोंडाला गमछा. कुठून भरतोय, इचारलं तर हात करतोय, तिकडून.

शिवकन्या : मग आठ दिवस तू...

आत्या : आठ दिस झाले मला झोप न्हाई, शिवू. तांब्या हातात आला की मी देवाचं नाव घेते आन् मान हलविते. मग दिसभर बसून लेकरं मोजते. शाळा सुटली की ह्या खिडकीत उभी राहून बघते, समदी दिसली का.

शिवकन्या : आज शाळेत...

आत्या : काय आज शाळेत?

शिवकन्या : काही नाही. थांब, ट्रॅक्टरचा आवाज नाही हा. टँकरच आलाय.

आत्या : माय गं.

शिवकन्या : ऐक, ऐक माझं. घाबरू नको. मी आहे ना. कडू आजी तांब्या आणेल, तो मी हातात घेईन आणि तुला देता देता वास घेईन. पाणी चांगलं असलं तर एकदा खोकेन. वाईट असलं तर दोनदा. कुणाला काही कळणार नाही. रोज शाळा सुटली की मी येत जाईन.

आत्या : तुला जमंल?

शिवकन्या : माझं नाक चांगलं आहे. तुझ्याच घरचं आहे.

आत्या : एकदा म्हंजी चांगलं?

शिवकन्या : एकदा चांगलं. दोनदा वाईट. उद्याच्या खुर्चीत पण असंच करू. आत्या, कुणाला काही सांगायची गरजच नाही.

आत्या : कडी काढ. आली बघ ती.

कडूबाई : मुक्ते, दारं कावून लावलीस भर उन्हाळ्यात? घे बाई, तांब्या घे. डायवर बोंबलायला तिथं, मला दुसरी खेप हाय म्हनतोय. उत्तरेश्वर शिट्टी वाजवून वाजवून दमला. बाया घागरीवर घागरी ठिवून बसल्यात.

शिवकन्या : आजी, माझ्याकडं दे. मी देते आत्याला.

कडूबाई : तू कशाला मधी? सांडशील. पोरी, तोंड कावून घालतीस त्यात?

शिवकन्या : कचरा पडला का बघत होते.

कडूबाई : कचरा न्हाई. फडकं बांधून आनलाय.

आत्या : शिवू, दे हिकडं.

शिवकन्या : देते. एक मिनिट.

कडूबाई : आत्ता गं. मोबाइल हाय का त्यो, एवढा बघायला?

आत्या : शिवू.

कडूबाई : खोकला झाला का पोरीला? अगं, तोंड तिकडं करून खोक. एकच तांब्या हाय त्यो.

आत्या : एकदा?

शिवकन्या : थांब.

कडूबाई : काय एकदा?

आत्या : शिवू, एकदाच ना?

शिवकन्या : आत्या, मला कळंना. माझ्या हातालाच डिझेलचा वास आहे. ती चिंधी धरली होती ना मी. बोटांना आहे, तांब्याला लागलाय, सगळीकडं तोच येतोय. पाण्याला आहे का नाही मला सांगता येईना. आहे असं पण वाटतंय. आत्या, मला माहीत नाही.

कडूबाई : हिला कशाला माहीत पाहिजे? तू हुंग, मुक्ते. मान हलव आन् मोकळी हो. माजी पयली घागर भरायची हाय. तांब्या आनायचा म्हनून पयली घागर माजी, त्या आश्रुबाची सून रोज भांडायली त्यावरनं.

आत्या : पयली घागर तू विहिरीतनं न्हाई घेत. नळीलाच लावतीस, न्हाई का?

कडूबाई : नळीलाच की. टँकरचं ताजं. हे काय आज इचारायलीस?

(आत्या तांब्या हातात घेते, नाकाशी नेते, आणि तिथंच धरून ठेवते. बाहेर शिट्टी. मग ती तांब्या स्टुलावर ठेवते.)

आत्या : मावशी, मला माहीत न्हाई.

कडूबाई : काय माहीत न्हाई?

आत्या : पानी कसं हाय ते. मला वास येत न्हाई. कशाचाच न्हाई. करोनात नाक गेलं ते आलंच न्हाई. ह्या दुष्काळात आलेल्या एका बी टँकरचा वास मी घेतलेला न्हाई. नुसती मान हलविली.

शिवकन्या : आत्या...

आत्या : तू गप. मावशी, बोल काहीतरी. शिव्या दे.

कडूबाई : म्हंजी तुला ते येत न्हाई?

आत्या : काय येत न्हाई?

कडूबाई : औषध फवारनीच्या पंपावानी वास. तीन दिस झाले. फडकं बांधतानाच येतंय मला.

शिवकन्या : आजी, तीन दिवस? मग तू बोलली का नाहीस?

कडूबाई : कुनाला बोलू? मुक्तीनं मान हलविली व्हती. मी म्हनले, आपलं नाक म्हातारं झालं. आश्रुबाच्या सुनंला इचारलं, तुला काही येतंय का गं. ती म्हनली, येतंय, पन मुक्ताबाई हो म्हनल्यात.

आत्या : शिवू, पळ. उत्तरेश्वरला म्हन, वॉल उघडू नको. टँकर जाऊ बी देऊ नको, डायवरला धरून ठिव. आन् बायांना सांग, घरातलं पानी कुनी तोंडाला लावू नका.

शिवकन्या : काका विचारतील, आत्यानं आडवी मान हलवली का. काय सांगू?

आत्या : आडवी न्हाई, उभी न्हाई. सांग, मुक्ताबाईचं नाक तीन वर्सांमागं गेलंय. तिला माहीत न्हाई. असंच सांग, माइकवर बोलतीस तसं, समद्यांना ऐकू जाईल असं. जा.

शिवकन्या : आणि चिमी? आजी, चिमीला काय होतंय नेमकं?

कडूबाई : सकाळपासनं उलट्या करायलीय. अंगात पानी राहू दी म्हनून मी जवळ बसून घोट घोट पाजायलेय. पयल्या घागरीतलं.